एका हर्नियावरचं सार्वमत

शिपाई रजेवर गेला नसता, तर वजनमापे निरीक्षकांचा आणि देशाच्या आरोग्य धोरणाचा कधी संबंधच आला नसता. पण तो गेला, आणि नेमका घाऊक बाजारातले काटे तपासायच्या दिवशी गेला. धान्याच्या दुकानातला मोठा काटा तपासायचा म्हणजे त्यावर कचेरीची वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं चढवायची. वजनं शिपायाने चढवायची आणि निरीक्षकांनी काट्याकडे संशयाने बघायचं, अशी कामाची वाटणी वर्षानुवर्षं चालत आली होती.

"साहेब, मी उचलू का?" दुकानदाराने विचारलं. माणूस काही वाईट नव्हता.

"ज्याचा काटा तपासायचा, त्याने प्रमाणित वजनाला हात लावायचा नाही," निरीक्षक म्हणाले. असा नियम खरोखर होता की नाही हे त्यांनाही नक्की आठवत नव्हतं. पण नसला तर असायला हवा, अशी त्यांची एकंदर वृत्ती होती. त्यांनी बाह्या सरसावल्या, वाकले, एक वजन उचललं, दुसरं उचललं. तिसऱ्याला जांघेत काहीतरी टचकन झालं.

काटा बरोबर निघाला. बिघाड निरीक्षकांत होता.

"हर्निया," घराजवळच्या डॉक्टरांनी सांगितलं. "पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, त्यातून आतडं डोकावतंय. ऑपरेशन छोटं आहे, करून टाका. लांबवू मात्र नका. आतडं अडकलं तर धावपळ होईल."

आजारालाही प्रतिष्ठा असते. हृदयविकार झालेला माणूस छातीवर हात ठेवून चारचौघांत बसू शकतो. जांघेचं दुखणं असलेल्या माणसाने हात कुठे ठेवायचा? म्हणून निरीक्षकांनी बायकोला बजावलं, "बाहेर फक्त 'पोटाचं' म्हणून सांग." बायको शाळेत शिकवायची, त्यामुळे तिला एकदाच आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायची सवय. तिने "पोटाचं" इतक्या खणखणीतपणे सांगितलं की संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये पोटाच्या नेमक्या किती खाली, यावर एकमत झालं होतं. तळमजल्यावरच्या आजोबांनी जिन्यातच पँटचा पट्टा सैल करून आपला व्रण दाखवला आणि "हात लावून बघा, लोखंड आहे," असा आग्रह धरला. समोरच्या काकूंनी पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि खोकू नका, शिंकू नका, हसू नका, असं सांगितलं. यांतलं तिसरं पथ्य निरीक्षकांना जड जाणार नव्हतं.

ते दिवसच असे होते की कुणाला साधी सर्दी झाली, तरी तिला राजकीय अर्थ यायचा. सरकारने नवं विधेयक आणलं होतं: सगळी हॉस्पिटलं सरकारच्या ताब्यात, उपचार सगळ्यांना सारखे आणि फुकट, विमा कंपन्यांना टाळं. टीव्हीवर रोज संध्याकाळी दोन बाजूंचे लोक एकमेकांवर इतके ओरडायचे की त्यांच्याच प्रकृतीची काळजी वाटावी. निरीक्षक विम्याच्या बाजूचे होते. त्यांनी नोकरीला लागल्यापासून हप्ते भरले होते आणि एकदाही आजारी पडले नव्हते. "ज्याचं वजन त्याने पेलावं," असं ते म्हणायचे, आणि म्हणून झाल्यावर आपण काहीतरी खोल बोललो असा चेहरा करायचे.

हा विमा विकला होता त्यांच्या मेहुण्याने. मेहुणा विम्याचा एजंट. बातमी कळताच तो हजर झाला. चेहऱ्यावर काळजी होती, पण खाली कुठेतरी समाधानही होतं, दुकानात बरेच दिवस पडलेला माल खपल्यासारखं.

"भावोजी, तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही. नुसतं जायचं आणि कार्ड दाखवायचं. कॅशलेस!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि हे विधेयक पास व्हायच्या आत उरका. नंतर सरकारी रांगेत उभे राहाल."

तर निरीक्षक कार्ड घेऊन निघाले. ते गेले त्या खाजगी हॉस्पिटलच्या दर्शनी भागात कारंजं होतं. काउंटरवरच्या मुलीने त्यांना काय होतंय हे विचारलं नाही, "रूम डिलक्स की सेमी-डिलक्स, सर?" असं विचारलं. मग त्यांना समोरून सभ्य आणि मागून उघडा असा एक झगा दिला. एका वॉर्डबॉयने मुद्दाम छताकडे बघत त्यांची हजामत केली, डोक्याची नव्हे. एवढं सगळं निरीक्षकांनी दात आवळून सोसलं. मग ती काउंटरवरची मुलगी वर आली.

"कंपनीकडून क्वेरी आलीय, सर. हर्निया तुम्हाला आधीपासून नव्हता, याचं सर्टिफिकेट लागेल."

"नसलेल्या गोष्टीचं सर्टिफिकेट कोण देतं?"

"ते तुम्हीच कुठूनतरी आणायचं, सर."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या काट्यांना दाखले देत आलेला हा माणूस. त्यांनी पाठीमागचा झगा एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने तर्जनी उगारून खरं काय ते सांगितलं: बाजारात वजन उचलताना झालं, दुकानदार साक्षीला आहे.

"अच्छा, म्हणजे कामावर झालं!" मुलीचा चेहरा उजळला. "मग हे कंपनीकडे येतच नाही, सर. हे तुमच्या ऑफिसकडे."

निरीक्षकांनी झग्यातूनच कचेरीत फोन लावला. वरिष्ठांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वजन उचलणं हे शिपायाचं काम," ते म्हणाले. "तुम्ही ते केलंत म्हणजे कामाबाहेरचं केलंत. शिवाय हर्निया हा मुळात जन्मजात अशक्तपणा असतो, अशी खात्याची भूमिका आहे." ही भूमिका खात्याने केव्हा घेतली होती कुणास ठाऊक, बहुधा फोन चालू असतानाच. ती कंपनीला कळवली. कंपनी म्हणाली, जन्मजात असेल तर पॉलिसीत बसत नाही. जन्मजात नसेल तर तसं लिहून आणा. लिहून देऊ शकणारी एकमेव व्यक्ती, म्हणजे निरीक्षकांची आई, ती जाऊन बरीच वर्षं झाली होती.

संध्याकाळी निरीक्षक घरी परत आले. हर्निया जागच्या जागी, बाकीचं सफाचट. जिन्यात शेजारी भेटायला जायचा चेहरा करून उभे होते, "झालं पण?" असं त्यांनी विचारलं आणि निरीक्षकांना खोटं बोलता आलं नाही.

सगळ्यांत जास्त आनंद झाला तो वरच्या मजल्यावरच्या कॉम्रेडना. कॉम्रेड टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तिथे युनियनचे पुढारी होते आणि घरात त्यांना कुणी पुढारी मानत नसल्यामुळे आता बिल्डिंगमध्ये होते. "मी सांगत नव्हतो?" म्हणत ते खुर्ची ओढून बसले. "नफेखोरांच्या दारात गेलात, नागवले गेलात! उद्या माझ्याबरोबर चला. जनतेच्या हॉस्पिटलात."

जनतेच्या हॉस्पिटलात जनता होती, यात शंका नाही. ती बाकांवर होती, जिन्यांवर होती, दोन खांबांच्या मध्ये चादर अंथरून होती. कॉम्रेड सगळ्यांना अभिमानाने ओलांडत पुढे गेले. सर्जनबाई उभ्या-उभ्याच बिस्किट खात होत्या. त्यांनी बिस्किट दातांत धरून निरीक्षकांना तपासलं, खोकायला लावलं, आणि बिस्किट संपवून म्हणाल्या, "करते. छोटंच आहे. यादीत नाव घालून या."

एवढ्या सरळ बोलण्याने निरीक्षकांचे डोळे भरून आले. पण नाव घालणारा कारकून खिडकीत होता.

"विमा आहे?"

"आहे," निरीक्षक म्हणाले. इथेही त्यांना खोटं बोलता आलं नाही.

"मग आधी कंपनीचा लेखी नकार आणा. नवीन परिपत्रक आहे."

"कशाला?"

"कंपन्यांनी किती लोकांना नाकारलं, तो आकडा साहेबांना टीव्हीवर सांगायचा असतो."

"हे परिपत्रक तत्त्वतः योग्यच आहे," कॉम्रेड म्हणाले. निरीक्षकांनी त्यांच्याकडे बघितलं. घाऊक व्यापारी दंडाची पावती फाडणाऱ्याकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने बघितलं.

मग सुरू झाला फोन. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई संगीताच्या तालावर सांगायची, आणि बराच वेळ सांगितल्यावर खरा माणूस यायचा.

"सर, आम्ही आपल्याला नाकारलेलं नाही."

"मग मंजूर केलंत का?"

"नाही सर. आपलं प्रकरण विचाराधीन आहे."

"अहो, मग निदान नाकारा!"

"तसं आम्ही कुणालाच नाकारत नाही, सर. ती आमची पॉलिसी नाही."

"नाकारा हो," निरीक्षक म्हणाले. "हात जोडतो. एकच ओळ. नाही म्हणा."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. लाच देणाऱ्याला बाहेर काढणारा, वरिष्ठांपुढे मान न वाकवणारा आपला नवरा एका परक्या माणसापुढे गयावया करतोय, आणि तीही नकारासाठी, हे तिला बघवलं नाही. ती आत निघून गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात घासू लागली.

भोक काही विचाराधीन नव्हतं. ते आपलं रोज वाढत होतं. निरीक्षक एका हाताने जांघ दाबून जिना चढू लागले. अशात सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटलं की देशात एवढी चर्चा चालली असताना आपली बिल्डिंग मागे राहू नये. रविवारी सकाळी सभागृहात जाहीर चर्चा ठरली: 'आपलं आरोग्य कुणाच्या हाती?' विम्याच्या बाजूने मेहुणा, सरकारीकरणाच्या बाजूने कॉम्रेड, आणि 'प्रत्यक्ष रुग्ण' म्हणून निरीक्षक. फलकावर त्यांचा हुद्दा नव्हता. नुसतं 'प्रत्यक्ष रुग्ण'.

मेहुणा आधी आला. "भावोजी, थोडं आमच्या बाजूने बोला. छोट्या अडचणी येतात, पण व्यवस्था चांगली आहे, एवढंच. वर माझा शब्द चालतो. सोमवारी मंजुरी हातात." मेहुणा गेला आणि कॉम्रेड उतरले. "तुम्ही कंपनीचे वाभाडे काढा. हॉस्पिटलचे अधीक्षक माझ्या ओळखीचे आहेत. नकार-बिकार नको, सोमवारी टेबलावर."

निरीक्षकांनी दोघांनाही "बघतो" म्हटलं. दोघांनीही ते "हो" म्हणून घेतलं, आणि दोघंही तसं घेणार हे निरीक्षकांना माहीत होतं. ज्या माणसाने पाच ग्रॅमच्या फरकासाठी दुकानं बंद केली, तो आता दोन्ही पारड्यांत एकेक पाय ठेवून उभा होता. रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. बायकोने विचारलं, "उद्या काय बोलणार आहात?"

"खरं काय ते," ते म्हणाले. पण तिच्याकडे बघून नाही.

रविवारी सभागृह भरलं. फुकट असलेल्या गोष्टीला गर्दी होते, हा मुद्दा मेहुण्याने भाषणात वापरला. फुकट असूनही आपण सगळे शिस्तीत बसलो आहोत, हा मुद्दा कॉम्रेडनी वापरला. मेहुणा म्हणाला, सरकार टपाल वेळेवर पोचवू शकत नाही, ते तुमचं मूत्रपिंड काय पोचवणार! कॉम्रेड म्हणाले, ज्याला तुमच्या आजारात नफा दिसतो, त्याला तुमच्या बरं होण्यात तोटा दिसतो! टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या, बऱ्याच ठिकाणी त्याच माणसांच्या. मग सेक्रेटरी म्हणाले, "आता प्रत्यक्ष रुग्ण."

निरीक्षक उठले. पहिल्या रांगेत एका टोकाला मेहुणा मान डोलावत होता, दुसऱ्या टोकाला कॉम्रेडनी मूठ आवळली होती, आणि मधोमध बायको होती. आपण काय बोलणार हे निरीक्षकांना माइकपर्यंत पोचेतोवर कळलं नव्हतं. त्यांनी घसा साफ करायला एकदा खाकरून घेतलं.

तेवढंच झालं. पोटात कुणीतरी पीळ घालून गाठ मारली. ते टेबलाला धरून हळूहळू खाली बसले, आणि मग आडवे झाले. माइक त्यांच्याबरोबर खाली आला, त्यामुळे त्यांचं कण्हणं सगळ्या सभागृहाला स्पष्ट ऐकू गेलं.

"कारंज्याच्या हॉस्पिटलात न्या!" मेहुणा ओरडला. "कार्ड आहे!"

"मुळीच नाही! सरकारीत!" कॉम्रेड ओरडले. "पुन्हा झगा घालून परत पाठवतील!"

"सरकारीत जमिनीवर झोपवतील!"

"आत्ता कुठे झोपलेत?"

मागच्या रांगांनीही बाजू घेतल्या. कुणाच्या तरी आत्याला सरकारीत जीवदान मिळालं होतं, कुणीतरी आपले काका तिथेच गमावले होते. आत्याचे लोक काकांच्या लोकांवर धावून गेले. सेक्रेटरींनी घंटा वाजवली. "सभासदांनी शांतता राखावी. पेशंटला कुठे न्यायचं याबद्दल सभागृहात दोन मतं दिसतात. तेव्हा हात वर करून..."

आणि लोकांनी हात वर केले. जमिनीवरून निरीक्षकांना ते दिसत होते: आपण ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं जिना चढलो-उतरलो, त्यांचे हात. सेक्रेटरी बोटाने मोजत होते, आणि मोजणी चुकल्यामुळे पुन्हा मोजत होते.

"हात खाली!"

बायकोने जमिनीवरचा माइक उचलला होता. शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायला तिला खरं तर माइकची गरज नव्हती.

"तू रे," ती भावाला म्हणाली, "आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठे केलंस? सरकारीत. का? तर खाजगीवाले लुटतात म्हणून. आणि कॉम्रेड, तुमचा गुडघा कुठे बदललात? कारंजं होतं ना तिथे?" मग ती सभागृहाकडे वळली. "आता ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. कुणाची गाडी दुरुस्तीला होती, कुणाची मुलाने नेली होती, कुणाच्या सीटला नवीन कापड बसवलं होतं. शेवटी माइक-स्पीकर भाड्याने देणारा कोपऱ्यातून म्हणाला, "बाई, माझा टेम्पो आहे. पण मागे सामान आहे." त्या सामानातच, दोन स्पीकरच्या मध्ये, निरीक्षकांना घातलं.

कारंजं जवळ होतं म्हणून आधी तिथेच नेलं. काउंटरवरच्या मुलीने त्यांना ओळखलं. "सर, तुमची क्वेरी अजून पेंडिंग दाखवतेय. आणि रविवारी मंजुरीचा विभाग बंद असतो."

"विमा-बिमा सोडा, आम्ही पैसे भरतो," बायको म्हणाली.

"पण जुनी क्वेरी बंद झाल्याशिवाय सिस्टीम नवीन अ‍ॅडमिशन घेत नाही, मॅडम." ती मुलगी रडवेली झाली होती. तिने खरोखर पुन्हा पुन्हा बटणं दाबून बघितली. सिस्टीम घेत नव्हती.

टेम्पो वळला. सरकारी हॉस्पिटलच्या फाटकावर पहारेकऱ्याने मालवाहू गाडी आत जाणार नाही म्हणून सांगितलं. बायकोने त्याला काय सांगितलं ते कळलं नाही, पण फाटक उघडलं. सर्जनबाईंनी बोटांनी एकदा दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "आत घ्या." नकार कुणी मागितला नाही. नकार मागणारा कारकून रविवारी सुट्टीवर होता. निरीक्षक वाचले ते एवढ्यामुळे.

पण पूर्ण नाही वाचले. अडकलेल्या आतड्याचा तुकडा काळा पडला होता, तो कापून टाकावा लागला. "मागे आला होतात तेव्हाच केलं असतं, तर चटकन होण्यासारखं काम होतं," सर्जनबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या.

"तेव्हा तुमच्याच खिडकीने..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे झोपेने लाल झाले होते. "आता आयुष्यात वजन उचलायचं नाही. उन्हातान्हात बाजार फिरणंही बंद." आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

निरीक्षक छताकडे बघत पडून राहिले. बाजारात शिरल्याबरोबर दुकानादुकानांतून पसरणारी ती कुजबुज, काटा शून्यावर स्थिर होतानाची ती शांतता, यापलीकडे त्यांना नोकरीत काही मिळालं नव्हतं. बढती नाही, वरकमाई नाही, कौतुक तर नाहीच. आता कचेरीत टेबलामागे बसून दुसऱ्यांनी मारलेल्या शिक्क्यांवर सह्या करायच्या. वेदनेचं औषध चालू होतं, पण ते या जागी पोचत नव्हतं.

बाजूच्या खाटेवर एक म्हातारा शिंपी होता. त्यालाही हर्नियाच. आज सकाळी त्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पण रविवारच्या तातडीच्या केसेसमुळे सगळी यादी पुढे सरकली. सकाळपासून उपाशी ठेवून दुपारी त्याला चहा देण्यात आला, म्हणजे आज नाही. असं तिसऱ्यांदा झालं होतं. त्याने निरीक्षकांच्या बायकोला अगदी साध्या आवाजात विचारलं, "यांचं झालं ना व्यवस्थित? बरं झालं." तिने मान हलवली आणि चादर उगाचच नीट केली.

संध्याकाळी मेहुणा आला. मागोमाग कॉम्रेड आले. खाटेच्या दोन बाजूंना दोघं उभे राहिले. वॉर्डातल्या टीव्हीवर बातमी चालली होती: विधेयक समितीकडे पाठवण्यात आलं.

"जिंकलो की नाही!" मेहुणा म्हणाला. "रद्दच झाल्यात जमा!"

"समितीत आमचे लोक आहेत," कॉम्रेड म्हणाले. "जिंकलो आम्ही. आणि हा माणूस जगला कुणामुळे?"

"आतडं कापलं ना? खाजगीत वेळेवर झालं असतं तर..."

"वेळेवर? तुमच्या कंपनीने..."

तेवढ्यात निरीक्षकांचा फोन वाजला. मेहुण्याने तो त्यांच्या कानाला लावला. "अभिनंदन सर, आपलं हर्नियाचं छोटं ऑपरेशन मंजूर झालं आहे."

"झालं ऑपरेशन," निरीक्षक म्हणाले. "मोठं झालं."

"मोठ्यासाठी नवीन अर्ज करावा लागेल, सर."

"बघितलंत? मंजूर झालं!" मेहुणा कॉम्रेडना म्हणाला. "मी शब्द टाकला होता!" आणि वाद पुन्हा सुरू झाला, निरीक्षकांच्या टाक्यांच्या बरोबर वर, या बाजूकडून त्या बाजूकडे. कोणते देश, किती टक्के, कुणाचा कर, कुणाचा हक्क. दोघंही फार चांगलं बोलत होते. आजूबाजूच्या खाटांवरचे लोकही ऐकू लागले.

शिंपी मोठ्या कष्टाने कोपरावर उठला होता. तो या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने, मोठ्या आशेने बघत होता. बराच वेळ ऐकून त्याने निरीक्षकांच्या खाटेकडे हात लांबवला आणि त्यांच्या दंडाला हळूच स्पर्श केला.

"साहेब," त्याने विचारलं, "या दोघांतले डॉक्टर कोण?"

निरीक्षकांनी एकदा मेहुण्याकडे बघितलं, एकदा कॉम्रेडकडे.

"कुणीच नाही," ते म्हणाले.

"अस्सं," शिंपी म्हणाला, आणि भिंतीकडे कूस वळवून झोपला.